नाताळ आमच्या पॅरिशचा : आठवणी, गमती आणि एकेक मागणं

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांतला, दुसरा रविवार झाला. दोन जांभळ्या मेणबत्त्या लागल्या, आता पोरांचं सगळं लक्ष पुढच्या रविवारच्या गुलाबी मेणबत्तीकडे आहे. वसईच्या पट्ट्यात घरोघरी ताऱ्यांसाठी वायरी ओढल्या जातायत.

नाताळ म्हटलं की मराठीत केक आणि सांताक्लॉजवर भरपूर लिहिलं जातं. पण मराठीतून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकणाऱ्या, मराठीतूनच पापनिवेदन करणाऱ्या आपल्यासारख्या घरांत हा सण कसा होतो, हे आपणच सांगायला हवं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण इथला ख्रिस्ती शेतकरी कुठेच गेला नाही. त्याची केळी, पानवेली आणि रविवारची मिस्सा चालूच राहिली. तेव्हा सांगण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे. आपापल्या पॅरिशमधलं, म्हणजे चर्चच्या परिसरातलं, काहीही लिहा आणि जाता जाता बाळ येशूकडे एक मागणं मागा. मोठंच असायला हवं असं नाही.

नानभाट, वसई

धागा मी काढलाय, तर सुरुवातही मीच करते.

आमचा नाताळ परातीत सुरू होतो. डिसेंबर लागला की नाचणी भिजवायची, परातीत माती पसरून पेरायची, वर ओलं गोणपाट. कोंब आधी फिकट, पिवळट निघतात. मग परात उन्हात सरकवली की दोन दिवसांत हिरवीगार होते. हे येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढचं कुरण. शेजारच्या घरातली नाचणी आपल्यापेक्षा उंच झाली का, हे रोज कुंपणावरून डोकावून बघणं हा आमच्याकडच्या मुलांचा आवडता उद्योग आहे. आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणून गोठा उभा केला होता. आमच्या अंगणातली कोंबडी परातीवर चढते तेव्हा मला वाटतं, त्यांना हे आवडलं असतं.

गव्हाण मात्र २४च्या रात्रीपर्यंत रिकामी. मिस्सेत गौरवगीत सुरू होतं, घंटा वाजतात आणि मग बाळ येतं. तीन राजे तर त्याहून उशिरा. आमच्या घरी ते टीव्हीच्या कपाटावरून निघतात, रोज वीतभर सरकतात, फ्रीजवर मुक्काम करतात आणि ६ जानेवारीला गोठ्यात पोचतात. उंट कोणी सरकवायचा यावरून भांडणं होतात आणि मला तीही हवीशी वाटतात.

२४ची सकाळ फुग्यांची. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर. पूर्वी पीठ आंबवायला ताडी घालत, आता यीस्ट. आई डाव्या मुठीत पीठ धरते, मूठ आवळते, अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो ओल्या बोटांनी खुडून तेलात सोडते. लगेच टम्म फुगतो. मी आणि वहिनी अजून तिच्या शेजारी बसून शिकतोय. इंदेल, म्हणजे मांसाचं आंबट-तिखट कालवण, आदल्या दिवशीच मुरत घातलेलं असतं. फुगे त्याच्याबरोबर खायचे असतात, पण कढईतून काढल्या काढल्या निम्मे नुसतेच संपतात.

ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे मध्यरात्रीची मिस्सा बऱ्याच ठिकाणी आता बरीच आधी सुरू होते. जुन्या लोकांना रुखरुख वाटते. मला बरं वाटतं, कारण लहान मुलं जागी असतात आणि बाळाला गव्हाणीत ठेवताना डोळे भरून बघतात.

मागणी एक म्हणाले होते, पण मी तीन मागते. गायन मंडळाने निदान दोन गाणी तरी सगळ्या मांडवाला पाठ असलेली घ्यावीत, आम्हालाही गळा मोकळा करायचा असतो. मिस्सेनंतरची निवेदनं आटोपशीर असावीत. आणि आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन वर्षभर उन्हापावसात जाणारे जे सेवक आहेत, त्यांना सणाच्या केकचा पहिला तुकडा मिळावा.

श्रीरामपूर तालुका

आमच्याकडे डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कॅरल फेरीला ट्रॅक्टर मिळणं मुश्कील, कारण सगळे ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत. तरी कोणीतरी एक ट्रॉली मोकळी करून देतोच. ट्रॉलीत गोठा, ढोलकी, पेटी, टाळ आणि कानटोप्या घातलेली मंडळी. आमची गाणी भजनाच्या चालीवरची. पहिल्या घरी आवाज बसलेला असतो, पाचव्या घरी चहा होतो, मग ढोलकीवाला ऐकत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या फादरांनी सांगितलं की फेरी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवरही न्यायची. ती माणसं बीडकडची, ख्रिस्ती नाहीत, पण लूकच्या शुभवर्तमानातलं कुटुंबही घर सोडून दुसऱ्या गावी आलेलं होतंच. आम्ही गेलो, दोन भजनं म्हटली, चिवडा-लाडू वाटले. एक म्हातारी पुढे आली, बाळ येशूची मूर्ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि आमच्यावर रागावली : "एवढी थंडी पडलीय आन् लेकराला उघडं फिरवता व्हय?" स्वतःच्या पदराचं टोक तिने मूर्तीवर घातलं आणि फेरी निघेपर्यंत काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी सिस्टरनी कुंची शिवली. लाल, काठाला पांढरी लेस. आमच्या गावचा बाळ येशू तेव्हापासून कुंची घालूनच फिरतो, आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात तेव्हा सगळी पोरं एकदम गोष्ट सांगायला लागतात.

माझं मागणं : त्या आजी यंदाही आमच्याच शिवारात तोडीला याव्यात. नाही, चुकलं. त्यांना आता तोडीला यावंच लागू नये, त्या पाहुण्या म्हणून याव्यात. पुरणपोळी आमच्याकडे.

गिरगाव, मुंबई

थोडक्यात लिहितो. खोताच्या वाडीच्या जवळ राहतो. आमच्या मजल्यावर दिवाळीचा कंदील आणि नाताळचा तारा एकाच माणसाच्या हातचा असतो. ते शेजारचे काका, ख्रिस्ती नाहीत. बांबूच्या कामट्या, खळ, पतंगाचा कागद. पाच टोकं एकसारखी येण्यासाठी कामट्या मोजून घ्याव्या लागतात, ते त्यांना नुसत्या नजरेने जमतं. काकांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून कापायचं काम माझ्या मुलीने घेतलंय. मागणं इतकंच की काकांची नजर अशीच राहो.

दोहा, कतार (मूळ गाव निर्मळ)

इथे २५ डिसेंबर कामाचा दिवस. साहेब चांगले असतील तर रजा, नाहीतर सकाळी हजेरी. दोह्यात पहिलं कॅथलिक चर्च २००८ साली उघडलं. बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा ऐकू येत नाही, फाटकावर तपासणी होते. पण आत गेलं की जग भेटतं. मल्याळम, कोकणी, तमिळ, सिंहली, फिलिपिनो, अरबी. सणाला हॉल पुरत नाही, लोक आवारात उभे राहतात.

आम्ही वसईची मंडळी एका खांबापाशी जमतो. ठरवून नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मिस्सा इंग्रजीत असते. संपली की आमच्यातला कोणीतरी हळूच मराठी गाणं धरतो, एकेक करून बाकीचे सामील होतात. एकदा शेजारी उभ्या असलेल्या फिलिपिनो बायकांनी टाळ्यांवर ताल धरला आणि मग त्यांचं गाणं आम्हाला शिकवलं. शब्द एकही कळला नाही, चाल मात्र घरी येईपर्यंत तोंडात होती.

घरचा डबा सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या बॅगेतून येतो : बाटलीमसाला, सुकेळी (वाळवलेली केळी), नेवऱ्या (करंज्या). नेवऱ्या अर्ध्या मोडून येतात, तो चुरा आम्ही चमच्याने खातो.

मागणं : आईने व्हिडिओ कॉलवर मिस्सेआधी नवी साडी दाखवताना फोन जरा लांब धरावा. दरवर्षी मला फक्त काठ दिसतो आणि "छान आहे" म्हणावं लागतं. यंदा पूर्ण साडी बघायचीय. खरं तर समोर बसून बघायचीय.

सावंतवाडी

आमच्या घरी कुस्वादाची, म्हणजे नाताळच्या फराळाची, तबकं भरणं हे आठवडाभराचं काम. दोदोल ढवळायला पाळ्या लागतात : काळा गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि तळाला लागू नये म्हणून अखंड फिरणारा हात. कुलकुल मुलं करतात, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची. प्रत्येकाचं कुलकुल ओळखू येतं.

चतुर्थीला शेजारून मोदक आणि करंज्या आल्या होत्या, ते ताट अजून आमच्याकडेच आहे. रिकामं परत करायचं नाही, म्हणून नाताळपर्यंत थांबलंय. आमचं ताट त्यांच्याकडे चतुर्थीपर्यंत थांबतं. आता कोणतं ताट मूळ कोणाचं, हे दोन्ही घरांत कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते कधीच कळू नये, हेच माझं मागणं.

पुणे, नाना पेठ

आमच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, १७९२ साली. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती अंमलदार होते, त्यांना मिस्सेला कुठे जावं हा प्रश्न होता. वर चिमाजी अप्पांचा उल्लेख वाचून हे लिहावंसं वाटलं. इतिहासाचं हेही पान नाताळच्या प्रवचनात कधीतरी यावं. मागणं दुसरं काही नाही. बरं, एक आहे : नानभाटच्या ताईंनी फुग्यांचं प्रमाण द्यावं.

नानभाट, वसई

प्रमाण आईलाच माहीत नाही! "पीठ हाताला सांगतं" म्हणते. अर्धा किलो मैद्याला तीन अंडी घेऊन बघा, नारळाचं दूध लागेल तसं. पीठ सैल, पण मुठीतून ओघळणारं नको.

उत्तन

आम्ही कोळी. आमच्यात नाताळ जवळ आला की बायका केक करता करता समुद्राकडे बघत असतात. दर्यावर गेलेल्या बोटी सणाआधी परतायला निघतात. किनाऱ्याला लागल्या की पोरं डोलकाठीवर तारा चढवतात, आणि रात्री सगळा किनारा चमकतो.

काही बोटी उशिरा येतात. मग माणसं जाळी टाकून, तोंडावर पाणी मारून थेट मिस्सेला येतात आणि लाजून मागे दाराशी उभी राहतात. माझं मागणं त्यांच्यासाठी. त्यांना पुढच्या बाकावर बसवा. मासळीचा वास आला तर येऊ दे. बेथलेहेमात मेंढपाळ काय अत्तर लावून आले होते? देवदूताने सगळ्यांत आधी त्यांनाच सांगितलं.

आणि या धाग्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण. २५ला दुपारी या, जेवायलाच. बोटी वेळेवर लागल्या तर सुरमई नक्की, नाही लागल्या तर सुके बोंबील आहेतच.