बेळगावातल्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप : तो मेसेज का उडवला?

सेक्रेटरी (ए-१०१)
नमस्कार. काल रात्री ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवला होता, आता उघडलाय. बी विंगमधून आलेला तो मूर्तीचा व्हिडिओ आणि ४०२ मधल्या ताईचा मेसेज, दोन्ही मीच डिलीट केलेत. गणपती तोंडावर आलेत, बाहेरचं वातावरण बघताय, तेव्हा देवाधर्माचं ग्रुपवर काही नको. पाणी, लिफ्ट, पार्किंग एवढंच बोलूया.

बी-३०२
चांगलं केलंसा साहेब. "देव आहे का नाही मला ठाऊक नाही, पण मेंटेनन्सच्या पैशातून मांडव का" असं लिहितात होय? माझ्या आईनं वाचलं, तिला लई लागलंय ते. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं. भावना दुखावल्याची तक्रार देतो, म्हणजे बाकीच्यांना पण कळंल.

वकील काकू (ए-१०४)
थांबा जरा, मोठं लिहिते, सगळ्यांनी वाचा. आईंना लागलं ते मी समजू शकते, मी स्वतः येऊन बोलते त्यांच्याशी. पण भावना दुखावल्या एवढ्यावर गुन्हा होत नाही ओ. जुन्या दंडविधानातलं, धार्मिक भावनांच्या अपमानाचं कलम २९५अ, १९२७ साली इंग्रजांनी आणलेलं, लाहोरच्या एका पुस्तकाच्या खटल्यात प्रकाशक सुटला त्यानंतर, ते आता न्याय संहितेत २९९ झालंय आणि त्यात स्पष्ट आहे, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान. १९५७ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम टिकवलं ते सुद्धा ह्याच शब्दांवर, की चुकून किंवा हेतू नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. पोरीनं हिशोब विचारलाय, आणि स्वतःला देवाबद्दल काय वाटतं ते एका ओळीत सांगितलंय. ह्यात दुष्ट हेतू कुठला?
आणि तक्रारीच्या गोष्टी सहज बोलू नका. २०१२ ला बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद का म्हणून पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं, दोघींना अटक. त्यातूनच पुढं केस उभी राहिली आणि मार्च २०१५ ला आयटी ॲक्टमधलं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी अटक करायचं कलम, सुप्रीम कोर्टानं अख्खंच उडवलं. पण त्या दोघींनी जे भोगलं ते भोगलंच की.

सेक्रेटरी (ए-१०१)
काकू कायदा तुम्हाला माहीत आहे, मान्य. पण फोन मला येतो. एप्रिल २०२२ ला जुन्या हुबळीत एका स्टेटसवरून पोलीस स्टेशनवर दगडं पडली, हुबळी काय लांब आहे का. जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरूनच बंद, लाठीमार, इंटरनेट बंद. माझी बहीण तिथं असते, नेट बंद त्यामुळं व्हॉट्सॲप कॉल लागत नव्हता, साध्या फोनवर कशीबशी बोलणी झाली. उद्या आपल्या ग्रुपवरनं काय झालं तर ॲडमिन म्हणून मला धरतील. म्हणून मी म्हटलं दोन्ही काढा, कुणाची बाजू नको.

बी-३०४
दोन्ही सारखं कसं अंकल? तो व्हिडिओ मी झूम करून बघितला होता डिलीट व्हायच्या आधी. खाली लिहिलंय "आपल्या कॅम्पमधलं, आत्ताचं", म्हणजे बेळगावच्या कॅम्प भागातलं, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर ना कानडी ना मराठी, बंगाली अक्षरं. वर दोन बाणवालं चिन्ह, म्हणजे कुठनंतरी फिरत फिरत आलेलं. असला मेसेज व्हॉट्सॲप स्वतःच एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, २०२० पासून. तो काढलात ते बरोबरच. पण ताईचा मेसेज खोटा होता का?

चाचा (ए-२०१)
मी पण दोन शब्द बोलतो. बेटीच्या मेसेजनं मला काही झालं नाही, आमच्या घरात पण पोरं असलं विचारतात आणि आम्ही उत्तर देतो, कधी रागावतो. पण तो व्हिडिओ ग्रुपवर आला तेव्हा माझ्या धाकट्यानं खडेबाजारातलं दुकान सात वाजताच ओढलं, गिऱ्हाईक बसलेलं उठवून. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं, नुसती भीती. आणि सेक्रेटरी साहेबांनी तो काढला, पण तो खोटा होता असं कुठं लिहिलं नाही. ज्यांनी बघितला ते अजून खराच समजूलालेत. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी आज सकाळी लिफ्टमध्ये माझ्याकडं बघून बोलणं थांबवलं. हे मला लागलं.

वकील काकू (ए-१०४)
चाचा तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझं म्हणणं अगदी हेच आहे. काढायला माझी ना नाही. गुपचूप काढायला आहे. काय काढलं, का काढलं, कुणाचं काढलं, हे सगळ्यांसमोर सांगितलं तर खोट्याचं खोटेपण कळतं आणि खऱ्या माणसावर डाग राहत नाही. आता बघा, कालपासून ४०२ ची पोर आणि तो बंगाली पाटीचा व्हिडिओ एकाच पंक्तीत बसलेत.
सरकारचं सुद्धा इथंच अडतं. आयटी ॲक्टच्या ६९अ खाली पोस्ट ब्लॉक करतात, कोर्टानं २०१५ ला ते कलम ठेवलं कारण तिथं लेखी कारणं द्यावी लागतात, कमिटी असते. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम म्हणतो की तक्रार आणि त्यावरची कारवाई गोपनीय. म्हणजे कारण लिहायचं पण दाखवायचं नाही, आणि ज्यानं लिहिलं त्यालाच कित्येकदा पत्ता नसतो. ट्विटर ह्यावरच आपल्या कर्नाटक हायकोर्टात गेलं होतं, जून २०२३ ला याचिका फेटाळली आणि वर ५० लाखांचा दंड. परत तीच कंपनी सहयोग पोर्टलच्या, म्हणजे मजकूर काढायच्या सरकारी नोटिसा पाठवायच्या पोर्टलच्या, विरोधात गेली, तेही सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं. परदेशी कंपनीबद्दल मला काडीची माया नाही, पण इथला साधा लिहिणारा, ज्याचं पान गायब होतं, त्यानं कुणाला विचारायचं हा प्रश्न तसाच राहतो.

बी-३०२
काकू तुमचं सगळं कागदावर ठीक आहे. डिसेंबर २०२१ आठवा. बंगळुरात महाराजांच्या पुतळ्यावर काळं ओतलं तो व्हिडिओ खरा होता, खोटा नव्हता. तरी इथं काय झालं? दगडफेक, अनगोळात संगोळ्ळी रायण्णांचा, कन्नड लोकांच्या स्वातंत्र्यवीराचा, पुतळा फोडला, जमावबंदी. खरं असलं तरी पेटतंयच. म्हणून मी म्हणतो धर्म, भाषा, पुतळे ह्या विषयावर तोंड बंद ठेवलेलं बरं.

वकील काकू (ए-१०४)
हा मुद्दा तगडा आहे, नाही म्हणत नाही. खरा व्हिडिओ पण रात्रीत पन्नास ग्रुपवर "आता काय ते बघून घ्या" अशा ओळीसकट फिरला की माणसं रस्त्यावर येतात. ती ओळ, ते चिथावणं, ते काढा, लगेच काढा, मी तुमच्याबरोबर आहे. पण पोरीच्या मेसेजमध्ये कुणाला रस्त्यावर या म्हटलंय? आणि तोंड बंद ठेवून आपल्या भागात भलं झालं का? कन्नड विचारवंत कलबुर्गी सरांना ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला घराच्या दारात गोळ्या घातल्या, त्याच वर्षी फेब्रुवारीत कॉम्रेड गोविंद पानसरेंना कोल्हापुरात. दोन्ही गावं आपल्या शेजारची. दोघंही धर्माबद्दल प्रश्न विचारणारे. प्रश्नाला उत्तर द्यायची सवय मोडली की काय होतं ते आपण बघितलंय, त्यामुळं एकोणीस वर्षांच्या पोरीला पोलिसांची भीती दाखवलेली मला अजिबात खपत नाही.
आणि सेक्रेटरी साहेब, नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन नुसता ॲडमिन आहे म्हणून जबाबदार नाही, त्याचा त्यात हात असला तरच. तो मुंबई हायकोर्टाचा निकाल, आपण कर्नाटक हायकोर्टाखाली येतो, त्यामुळं इथं बंधनकारक नाही पण दाखला म्हणून चालतो. केरळ हायकोर्टानं पण २०२२ ला तसंच म्हटलंय.

अक्का (बी-१०२)
मी कन्नड घरातली, मराठी वाचते पण लिहायला वेळ लागतो. माझ्या मनातलं सांगते. वर्गणी मी आनंदानं देते. पण द्यायलाच पाहिजे म्हटलं तर आवडणार नाही. मुलीनं विचारलं ते मी पण विचारणार होते. धाडस झालं नाही.

सेक्रेटरी (ए-१०१)
बरं. मग असं करतो. बी विंगमधून आलेला व्हिडिओ खोटा आहे, बेळगावचा नाही, कॅम्पमध्ये असं काहीही झालेलं नाही, म्हणून तो काढला. कुणी पुढं पाठवला असेल तर तिथं पण हे लिहा. हा मेसेज वर पिन करतो. ४०२ चा मेसेज मी घाबरून काढला, त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. इथून पुढं काही काढलं तर कारण ग्रुपवर लिहीन. चाचा, लिफ्टमधल्या पोरांच्या घरी मी आज संध्याकाळी जातो.

बी-३०२
तक्रार देत नाही. पण देवाबद्दल तसं लिहायची गरज नव्हती हे माझं मत कायम आहे आणि ते मी इथं लिहिणार.

वकील काकू (ए-१०४)
लिहा की. तुमचा हक्कच आहे तो.

४०२
काका, आजींना माझा त्रास झाला असेल तर मी भेटायला येते, पण प्रश्न परत विचारते. मागच्या वर्षीचा मांडवाचा खर्च मेंटेनन्सच्या खात्यातून गेलाय का?

खजिनदार (बी-२०३)
होय. मांडव आणि लाईट मेंटेनन्समधून, फुलं प्रसाद वर्गणीतून. कमिटीचा ठराव नाही त्याला, तसंच चालत आलंय. रविवारी अकराला वह्या घेऊन खाली बसतो, ज्यांना बघायचंय त्यांनी या.