फरशीखालची ऊब: आधी खालचा थर पाहावा
इंग्लंडमधल्या लीड्स शहरातील घराच्या स्वयंपाकघराची जुनी फरशी काढलीच आहे, तर नव्या फरशीखाली विजेवर तापणारी जाळी घालावी का, असे आपण विचारले आहे. जरूर घालावी, पण तिच्याखाली उष्णतारोधक थर बसवणार असाल तरच. एरवी बरीचशी ऊब खालच्या काँक्रीटमध्ये मुरते आणि बिल तेवढे वाढते. कपाटांखाली जाळी घालत नाहीत, म्हणून मोकळी जागाच मोजावी: ६ चौरस मीटरला, दर चौरस मीटरला १५० वॅट धरल्यास, ९०० वॅट होतात. जुन्या विटांच्या घरात तेवढ्याने सगळी खोली तापेलच असे नाही, त्यामुळे खोली तापवणारा आधीचा रेडिएटर काढू नये. आमच्याकडे मात्र जानेवारीत पहाटे ओट्यापाशी अनवाणी उभे राहून कणीक मळता येते, हे सुख मला फार मोलाचे वाटते.