अनुभव धागा: ऑनलाइन गेममध्ये रोलप्ले, सुरुवात नेमकी कुठून?

गेम खेळता येतो, लेव्हलही चढते, पण रोलप्ले, म्हणजे पात्र होऊन बोलायची वेळ आली की बोटं अडतात, असे बरेच नवखे खेळाडू भेटतात. जे मुरलेले आहेत त्यांनी इथे लिहावं. आठवणी बाजूला ठेवा. काय करायचं, कुठे घोळ होतो आणि का, तेवढं सांगा. गेमचं नावही द्या.

निशाचर
आधी जागा बघा. चुकीच्या सर्व्हरवर कितीही छान लिहिलं तरी उत्तर देणारंच कुणी नसतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रोलप्लेचे वेगळे सर्व्हर आहेत: अमेरिकेच्या बाजूला मून गार्ड आणि वायरमरेस्ट अकॉर्ड, युरोपात अर्जंट डॉन. फायनल फँटसी १४ मध्ये असा अधिकृत सर्व्हर नाही, पण बाल्मंग आणि मातेयस हे रोलप्लेवाल्यांचे अड्डे म्हणून ओळखले जातात. तिथे रोलप्लेचं स्टेटस लावलं की नावाशेजारी खूण दिसते. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये रोलप्लेचा वेगळा सर्व्हर निवडण्याचा प्रश्नच नाही, त्या-त्या भागातले सगळे एकाच मोठ्या सर्व्हरवर (मेगासर्व्हर). म्हणून तिथे गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, शोधावी लागते. एका खात्यावर ५ गिल्ड चालतात, त्यातली एक रोलप्लेसाठी राखा.

शाईचा डाग
वॉरक्राफ्टवाल्यांनी पहिल्याच दिवशी टोटल आरपी ३ हे अ‍ॅडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घ्यावं. असं अ‍ॅडऑन नसेल तर इतरांचं वर्णन तुम्हाला दिसत नाही आणि तुमचं त्यांना दिसत नाही.

प्रोफाइलमध्ये नवखे हमखास एक चूक करतात: दिसण्याच्या रकान्यात पूर्वायुष्य लिहितात. ‘लहानपणी याचं गाव जळालं’ हे अनोळखी माणसाला चेहऱ्याकडे बघून कळत नाही. ‘डाव्या गालावर भाजल्याचा जुना व्रण, आगीजवळ बसायचं टाळतो’ हे मात्र दिसतं, आणि त्यावर कुणी काही विचारूही शकतं. शंभर-दीडशे शब्द पुरे. ‘पाहताक्षणी’ लक्षात येणाऱ्या गोष्टींसाठी ५ छोटे चौकोन असतात, ते आधी भरा, कारण घाईतला माणूस तेवढेच वाचतो. ‘सध्या’ या रकान्यात पात्र या क्षणी काय करतंय ते लिहा आणि रोज बदला. महिन्यापूर्वीचं ‘सध्या’ दिसलं की समोरचा समजतो, हा इथे नसतोच.

दोन घोट
मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इमोट, म्हणजे पात्राची कृती, लिहिणं. नियम एकच: प्रयत्न तुम्ही लिहा, परिणाम समोरच्याला लिहू द्या.

‘तलवारीने त्याचा हात छाटतो’ असं लिहिलंत की समोरच्याच्या पात्राचा निर्णय तुम्हीच घेऊन टाकलात. याला पॉवरगेमिंग म्हणतात, आणि नवख्यांशी खेळणं लोक टाळतात ते मुख्यतः यामुळे. ‘तलवार त्याच्या मनगटाच्या रोखाने फिरवतो’ एवढं लिहून थांबा. तो चुकवेल, अडवेल किंवा वार अंगावर घेईल. प्रेमळ कृतीलाही हेच लागू: ‘तिला मिठी मारतो’ऐवजी ‘हात पसरून तिच्याकडे बघतो’.

दुसरं म्हणजे, इमोटच्या शेवटी समोरच्याला धरायला काहीतरी ठेवा. ‘कोपऱ्यात बसून विचार करतो’ याला उत्तर काय देणार? ‘फाटका नकाशा टेबलावर उलटसुलट करून बघतो, वैतागून पुटपुटतो’ याला उत्तर सुचतं. वॉरक्राफ्टमध्ये एका संदेशात २५५ अक्षरंच मावतात, तेव्हा मोठा मजकूर तुटतो. तुटलेल्या भागाच्या शेवटी अधिकचं चिन्ह टाका, म्हणजे अजून येतंय हे कळतं. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात. चार-पाच जण असतील तर सगळ्यांची एक फेरी होईपर्यंत पुन्हा लिहू नका.

अर्धी वाट
एक शंका. त्या जगाचा इतिहास किती माहीत हवा? सगळं वाचून मगच उतरायचं का?

शाईचा डाग
@अर्धी वाट, नाही. ज्याला फारसं माहीत नसणं स्वाभाविक आहे असं पात्र घ्या: खलाशी, शेतकरी, नुकता शहरात आलेला शिकाऊ. आपली जमात, तिची राजधानी, श्रद्धा आणि वयोमान एवढं मात्र पक्कं हवं. प्रसिद्ध पात्राचा हरवलेला भाऊ नको; त्या एका नात्यामुळे बाकीच्यांची कथाच अडते.

नावाकडे लक्ष द्या. फायनल फँटसीत मिकोते ही मांजरासारखे कान-शेपूट असलेली जमात आहे; त्यातल्या सूर्योपासक पुरुषाच्या आडनावाच्या जागी ‘टिया’ किंवा ‘नुन्ह’ येतं, आणि नुन्ह म्हणजे वंश वाढवण्याचा मान मिळालेला. नवख्याने टियाच घ्यावं. पात्र बनवताना आपोआप नाव सुचवणारं बटण असतं, ते जमातीची पद्धत पाळतं.

टॅक्सीवाला
मी जीटीए ५ च्या फाइव्हएमबद्दल लिहितो (खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर तो गेम खेळायचं सॉफ्टवेअर), तिथे बहुतेक सगळं आवाजावर चालतं. गेमची स्वतःची अधिकृत प्रत हवी, आणि माइक बटण दाबल्यावरच सुरू होईल असा ठेवा. पंख्याची घरघर प्रसंग मोडते. चांगल्या सर्व्हरवर आधी अर्ज भरावा लागतो. नियमपत्रिका पाठ केल्यासारखी वाचा, कारण मुलाखतीत त्यावरच विचारतात.

‘मी’ (/me) आणि ‘डू’ (/do) या दोन टाइप करायच्या कमांडची गल्लत होते. ‘मी’ म्हणजे कृती: खिसे तपासतो. ‘डू’ म्हणजे परिस्थिती: खिशात काही सापडेल का? त्याचं उत्तर खरंच द्यायचं असतं, अडचणीचं असलं तरी. दुसऱ्या खेळाडूचं थेट प्रक्षेपण (स्ट्रीम) बघून कळलेली गोष्ट पात्राला माहीत असणं म्हणजे मेटागेमिंग. विनाकारण गोळी घालणं म्हणजे आरडीएम, गाडी अंगावर घालणं म्हणजे व्हीडीएम. बंदूक रोखली असताना घाबरायचं असतं. पकडले जाताना गेम बंद केला तर बंदी येऊ शकते.

पहिलं काम टॅक्सीचं किंवा मेकॅनिकचं घ्या. गिऱ्हाईक स्वतः येतं, आणि बोलायला विषय आपसूक मिळतो. थेट टोळीत शिरलात तर बोलण्याआधी गोळीबारच शिकाल.

निशाचर
मून गार्डवर गोल्डशायरच्या खानावळीत जाऊ नका. मानवांच्या सुरुवातीच्या भागाजवळच असल्याने नवखे तिथे पोचतात, पण ती जागा प्रौढांच्या रोलप्लेसाठी बदनाम आहे. मानवांची राजधानी स्टॉर्मविंडच्या ओल्ड टाउनमधली पिग अँड व्हिसल ही खानावळ बरी. आत शिरताना कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या भागातली (न्यूमपॅड) स्लॅश दाबून चालत जा, धावत नको. कुणी उत्तर दिलं नाही तर रागावू नका. बरेचदा माणूस खासगी संदेशात गुंतलेला असतो. दोन-तीन मिनिटं थांबून दुसऱ्या टेबलाकडे वळा.

दोन घोट
एक राहिलं. जखम, मृत्यू किंवा प्रणय येणार असेल तर आधी दुहेरी कंसात विचारा: ‘((हाताला कायमची इजा चालेल का?))’ नाही म्हटलं तर कारण मागू नका, प्रसंग दुसरीकडे वळवा. आणि जेवायला उठायचं असेल तर आधी पात्राला दाराबाहेर काढा. टेबलाशी पुतळ्यासारखं बसलेलं पात्र सोडून गेलात की बाकीचे उत्तराची वाट बघत बसतात.