१९६७ जीटीओ कन्व्हर्टिबल विकायची आहे: इंजिनवर व्हीआयएन नाही म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतंय

नोव्हीकर

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये आहे. १९६७ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ कन्व्हर्टिबल विकायला काढली आहे. ४०० घनइंच इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअर, मधोमध ड्युअल गेट शिफ्टर (दोन खाचांचा गिअर दांडा: एका खाचेत गिअर आपोआप बदलतो, दुसरीत हाताने). व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात २४२६७७पी अशी आहे. रंग एकदा मारलेला आहे, मूळचा नाही. पुढच्या डाव्या फेंडरवर रंगाला दोन ठिकाणी फुगे आलेत.

अडचणी अशा:
१) बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाचं म्हणणं, इंजिनवर गाडीचा व्हीआयएन नाही, तिथे भलताच आकडा आहे, म्हणजे इंजिन बदललेलं आहे. तेवढ्यावरून त्याने बराच भाव पाडून मागितला. तो बरोबर बोलतोय का?
२) कापडी टप उघडताना डावी बाजू मागे राहते, मग झटक्याने येते. विकण्याआधी दुरुस्त करू का?
३) पूर्ण रंग मारून विकली तर फायदा होईल का?
४) ऑनलाइन लिलाव, मोठा लिलाव की थेट गिऱ्हाईक? पैसे कसे घ्यावेत?

---

रॉचेस्टर_चार_बॅरल

पहिल्या मुद्द्यावर तुमचं गिऱ्हाईक साफ चुकतंय. पॉन्टिअ‍ॅकच्या इंजिन ब्लॉकवर व्हीआयएनचा भाग ठोकायला सुरुवात झाली १९६८च्या मॉडेलपासून. १९६७च्या ब्लॉकवर असतो तो इंजिनचा स्वतःचा अनुक्रमांक आणि त्याच्याजवळ दोन अक्षरांचा कोड. या अनुक्रमांकाचा व्हीआयएनशी मेळ बसत नाही, बसायचाही नसतो. उलट तुमच्या ब्लॉकवर दुसऱ्याच गाडीचा अर्धा व्हीआयएन सापडला असता, तर इंजिन ६८ किंवा नंतरच्या गाडीतून आलंय हे पक्कं झालं असतं.

तरी नुसतं ‘आकडा नसतोच’ म्हणून भागत नाही, कारण बदलून बसवलेल्या सर्व्हिस ब्लॉकवरही व्हीआयएन नसतो. म्हणून खालच्या गोष्टी बघून फोटो काढा.

दोन अक्षरी कोड: समोरून, पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या लगेच खाली ब्लॉकला एक सपाट जागा आहे. तिथे तेलाची काजळी बसलेली असते. ब्रेक क्लीनर फवारा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. तिथे घासल्याच्या रेघा दिसल्या की जाणकार माणूस ‘कोड पाडून नवा ठोकलाय’ असाच अर्थ काढतो. टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका धरा, ठोकलेल्या अक्षरांची सावली पडते आणि फोटोत नीट उठून दिसतात. ३३५ अश्वशक्तीच्या ऑटोमॅटिकला तिथे वाय-एस असायला हवं. मॅन्युअल गिअरला डब्ल्यू-टी असतं.

पण वाय-एस हा कोड पॉन्टिअ‍ॅकने पुढची काही वर्षंही वापरला, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ओतकामाची, म्हणजे ब्लॉक साच्यात ओतल्याची, तारीख बघा. ती मागे, डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी उठावाच्या अक्षरांत असते: महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी), मग दिवस, शेवटी वर्षाचा एकच आकडा. ही तारीख बॉडीच्या तारखेच्या आधीची हवी, साधारण काही आठवड्यांनी. बॉडीची तारीख फायरवॉलवरच्या फिशर बॉडीच्या पत्र्यावर मिळते, महिना आकड्यात आणि आठवडा अक्षरात. ब्लॉक बॉडीनंतर ओतलेला असेल तर तो या गाडीचा नव्हे, विषय संपला.

हेडवर मधल्या एक्झॉस्ट पोर्टपाशी ६७० आकडा शोधा. ती हेडं १९६७चीच. कार्ब्युरेटर क्वाड्राजेट (रॉचेस्टरचा चार बॅरलचा) हवा, कारण तीन कार्ब्युरेटरची ट्राय-पॉवर १९६६नंतर बंद झाली.

आणि सगळ्यात आधी पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून, म्हणजे पीएचएसकडून, गाडीचे कागद मागवा. व्हीआयएन दिला की कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मिळते. गाडी कोणकोणत्या ऑप्शनांसह बाहेर पडली ते त्यात ओळीने असतं. हूडवरचा टॅकोमीटर, पुढचे डिस्क ब्रेक, रॅली टू चाकं हे सगळं १९६७लाच नवीन आलं, आणि आज कुणीही विकत आणून बसवू शकतं. बिलात असेल तरच त्याचे वेगळे पैसे मिळतात. हा कागद हातात आल्याशिवाय जाहिरात टाकू नका.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ६४-६५ला जीटीओ हा पॉन्टिअ‍ॅकच्याच लेमान्स या मॉडेलवरचा ऑप्शन होता, त्यामुळे त्या वर्षांच्या गाड्यांत नकली फार. ६६पासून २४२ हा जीटीओचा स्वतःचा आकडा झाला. पुढचे ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, ७ म्हणजे वर्ष, पी म्हणजे मिशिगनमधला पॉन्टिअ‍ॅकचा कारखाना. लेमान्स कन्व्हर्टिबल २३७६७ने सुरू होते. तुमची गाडी ९,५१७ कन्व्हर्टिबलांपैकी एक आहे हे जाहिरातीत जरूर लिहा.

---

टपवाला

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. टप दुरुस्त कराच. कन्व्हर्टिबल बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी टप खालीवर करून बघतो, आणि तो अडखळला की बाकी गाडीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

पंप मागच्या सीटच्या पाठीमागे आहे, त्यातून दोन्ही बाजूंच्या सिलिंडरना होज जातात. एक बाजू मागे राहण्याची कारणं या क्रमाने तपासा. आधी तेलाची पातळी: पंपाच्या टाकीचा प्लग काढा, तेल भोकाच्या किंचित खाली हवं. कमी असेल तर आत हवा शिरलेली असते आणि ‘मग झटक्याने येते’ हे त्याचंच लक्षण. टाकीत आत्ता काय आहे ते बघूनच भरा. लालसर असेल तर ट्रान्समिशनचं तेल, फिकट पिवळं असेल तर बहुधा ब्रेक फ्लुइड. दोन्ही मिसळलीत तर सील फुगून बसतात. ब्रेक फ्लुइडचा थेंब रंगावर पडला तर रंग सोलून निघतो, म्हणून खाली जाड चादर अंथरा.

तेल भरून, इंजिन चालू ठेवून टप चार-पाच वेळा पूर्ण वर आणि पूर्ण खाली करा, हवा आपोआप निघते. तरी डावी बाजू मागेच राहिली तर त्या सिलिंडरच्या दांड्यावरून बोट फिरवा. ओलं लागलं तर सील गेलं. सिलिंडर जोडीने बदला, एकच बदललात तर पुन्हा दोन बाजूंचा जोर वेगळा पडतो. दोन्ही कोरडे असतील तर टपाच्या सांगाड्याच्या बिजागऱ्या बघा. तिथला बुश झिजलेला असतो किंवा एखादी पट्टी वाकलेली. अशा वेळी बटण दाबून धरू नका. पंप जोर लावत राहतो आणि पट्टी आणखी वाकते.

मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर थंडीत टप खाली करून दाखवू नका, घडीवर तडकते. ओला टपही दुमडू नये.

आता खरं दुखणं. कन्व्हर्टिबलला वरचा पत्रा नाही, म्हणून तिची चासी बंद पेटीसारखी केलेली असते. हार्डटॉपची (पक्क्या पत्र्याच्या टपाच्या गाडीची) उघड्या पन्हळीसारखी असते. बंद पेटीत मिठाचं पाणी शिरलं की ते आतच राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून काळा रंग झकास, आतून पत्रा कागदासारखा. मागच्या चाकाच्या पुढे चासी वर वळते तिथे आणि बॉडीच्या रबरी माउंटांपाशी लहान हातोडीने हलकं ठोकून ऐका. खणखणीत आवाज हवा, भद्द आला तर बोअरस्कोप (नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घालून आत बघा.

आणि ही चाचणी गिऱ्हाईक करायच्या आधी तुम्हीच करा: गाडी सपाट जमिनीवर ठेवून दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग चासीला पुढच्या बाजूने जॅक लावून एक चाक उचला आणि तेच दार उघडून बंद करा. फट बदलली किंवा दार घासलं, तर सांगाड्यात दम राहिलेला नाही.

ट्रंकमधली चटई उचला. टप जिथे घडी होऊन बसतो तिथलं पाणी वाहून जायची वाट पालापाचोळ्याने बुजली की पाणी ट्रंकच्या आणि मागच्या फ्लोअरच्या पत्र्यावर साठतं.

---

लांबी_नको

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नको. विकायच्या तोंडावर मारलेला ताजा रंग म्हणजे गिऱ्हाइकाला शंकेचं निमंत्रण. खाली काय झाकलंय हाच विचार त्याच्या मनात येतो, आणि चांगल्या रंगाला जेवढा खर्च येतो तेवढा किमतीत वसूल होत नाही.

फेंडरवरचे फुगे तसेच ठेवा, जवळून फोटो काढा आणि जाहिरातीत लिहा. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी उसनं मिळवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, एकदा वर मारलेला २००-३००. ५००च्या बराच वर आकडा गेला की खाली लांबी भरलेली आहे असं समजा. प्रत्येक पॅनलचे आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो टाका. आपण होऊन दोष सांगणाऱ्याशी लोक कमी घासाघीस करतात.

पैसे घालायचेच तर इथे घाला: पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंप (इथेनॉलने जुनं रबर मऊ पडून झिरपतं, आग लागायची भीती), ब्रेक आणि टायर. टायरवरचा चार आकडी कोड बघा, शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. दहा वर्षांपूर्वीचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदला.

थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नसेल तर क्वाड्राजेटच्या तळाचे प्लग तपासून घ्या. ते झिरपले की चार-पाच दिवसांत कार्ब्युरेटर रिकामा होतो आणि लोकांना वाटतं इंजिनच दमलंय. इंजिनच्या मागे जमिनीवर तेलाचे थेंब पडत असतील तर तो बहुतेक दोरीचा रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा). या इंजिनांत हे नेहमीचंच, सांगून टाका. त्याच्यासाठी इंजिन उतरवत बसू नका.

---

नोव्हीकर

सगळ्यांचे आभार. तपासलं. कोड वाय-एस, ओतकाम बी१७७, फायरवॉलच्या पत्र्यावर ०३बी आणि २४२६७. हेडवर ६७० आहे. पंपात तेल कमी होतं, भरल्यावर डावी बाजू जवळजवळ बरोबरीने येते, पण त्या सिलिंडरला ओल आहे. जोडी मागवली. पीएचएसलाही लिहिलंय. दाराची फट जॅकवर बदलली नाही.

---

रॉचेस्टर_चार_बॅरल

ब्लॉक १७ फेब्रुवारी १९६७चा, बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. अगदी जुळतंय. जाहिरातीत मात्र ‘मॅचिंग नंबर’ (म्हणजे इंजिनवरचा आकडा गाडीच्या व्हीआयएनशी जुळतो) असं लिहू नका, ६७च्या पॉन्टिअ‍ॅकला ते ब्लॉकवरून सिद्ध होत नाही. ‘कोड आणि तारीख गाडीशी जुळतात’ असं लिहा आणि चारही फोटो जोडा. भाव पाडणाऱ्याला हेच फोटो पाठवा.

कॉम्प्रेशनचे आकडेही द्या. इंजिन गरम करून, आठही प्लग काढून, इग्निशनचा करंट तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ८० टक्क्यांखाली जायला नको. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ला १ आहे, तेव्हा टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी टाकीत ९३ ऑक्टेनच असू द्या. साध्या पेट्रोलवर चढाला इंजिन ठोके देतं आणि सौदा तिथेच थंडावतो.

---

सौदा_रोखीचा

चौथा मुद्दा. भावाचा अंदाज हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या किंमत-तक्त्यावरून घ्या. तिथे गाडीचे १ (सगळ्यात उत्तम) ते ४ असे दर्जे आहेत. वर मारलेला रंग आणि फुगे बघता तुमची ३च्या आसपास बसेल. २ धरून बसू नका. तक्त्यापेक्षा गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या ६७च्या कन्व्हर्टिबल जास्त खरं सांगतात, पण ऑटोमॅटिकची तुलना ऑटोमॅटिकशीच करा.

तुमच्या गाडीला मला ऑनलाइन लिलाव योग्य वाटतो. कागद चोख आणि दोष मामुली असलेली गाडी तिथे चांगली जाते, कारण फोटो शेकड्याने टाकता येतात. थंड इंजिन सुरू होतानाचा आणि टप पूर्ण खालीवर होतानाचा व्हिडिओ मध्ये न कापता द्या. लिलाव चालू असेपर्यंत रोज प्रश्नांना उत्तरं द्यायला वेळ हवा. विक्रेता गप्प बसला की बोली थांबते. मेकमसारख्या मोठ्या लिलावात प्रवेश फी, दलाली आणि वाहतूक धरून हिशेब करा, शिवाय तिथे तुमची गाडी काही मिनिटांत स्टेजवरून खाली उतरते. थेट विकायची असेल तर एप्रिलपासून ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझपर्यंतचा (डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर भरणारा जुन्या गाड्यांचा मेळा) काळ चांगला. पॉन्टिअ‍ॅक गावात बनलेली गाडी त्याच वुडवर्डवर उभी असेल तर बघणारे भरपूर.

कागदपत्रं: टायटलवरचा (गाडीच्या मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन आणि दाराच्या बिजागरीजवळच्या खांबावरचा पत्रा अक्षर अन् अक्षर ताडून बघा. जुन्या टायटलांत टायपिंगच्या चुका असतात, त्या जाहिरातीआधी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (मिशिगनमध्ये गाड्यांची नोंदणी तिथेच होते) दुरुस्त करून घ्या. तो पत्रा साफ करायलासुद्धा काढू नका, ते गुन्ह्यात मोडतं. टायटलवर दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या लागतील. जुन्या कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेचं मुक्तिपत्र जोडा. मिशिगनच्या टायटलला नोटरी लागत नाही. २०१० आणि आधीच्या गाड्यांना ओडोमीटरच्या सक्तीच्या घोषणेतून सूट आहे, तरी ‘खरे मैल माहीत नाहीत’ असं असेल तर विक्रीपत्रात लिहा.

पैसे: बँकेतून थेट बँकेत वायर ट्रान्सफर सगळ्यात बरं, आणि तुम्ही स्वतः आपल्या बँकेला फोन करून जमा झाल्याची खात्री केल्यावरच टायटलवर सही. कॅशिअर चेक (बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला) द्यायचा असेल तर गिऱ्हाइकाच्या बँकेत, तुमच्या डोळ्यांसमोर काढलेलाच घ्या. ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून ‘वरचे पैसे ट्रकवाल्याला द्या’ म्हणणारा शंभर टक्के ठग.

---

नोव्हीकर

नंबर प्लेट गाडीवरच द्यायची का? आणि टेस्ट ड्राइव्हला एकट्याला गाडी द्यावी का?

---

सौदा_रोखीचा

प्लेट काढून घ्या, मिशिगनमध्ये ती मालकाकडेच राहते. शक्यतो गिऱ्हाइकाबरोबर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जाऊन नाव बदलून घ्या. नाही जमलं तर सही झालेल्या टायटलचा दोन्ही बाजूंचा फोटो किंवा विक्रीपत्र १८ महिने जपून ठेवा. नाव बदलायला गिऱ्हाइकाला १५ दिवस असतात.

एकट्याला गाडी देऊ नका. आधी लायसन्सचा फोटो घ्या, पहिली फेरी तुम्ही चालवा, ड्युअल गेट कसा वापरायचा ते दाखवा, मग जागा बदला. तुमच्या विम्यात दुसऱ्याने चालवलेलं चालतं का, ते फोन करून आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

---

टपवाला

सिलिंडर बसवताना टप अर्ध्यात ठेवावा लागला तर सांगाड्याला लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. होज सैल केली की टप एकदम खाली येतो, बोटं सांभाळा.