क्षमा एकदाच पूर्ण मिळाली म्हणतात, मग मी रोज रात्री तीच का मागतेय?

पारिजात

सलाम सगळ्यांना. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, आणि नाव नको म्हणून आयडी पण नवीन काढलाय. आम्ही मूळचे नगरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती, त्यामुळे संडे स्कूल, वचनं पाठ करणं, मंडळीत गाणं हे सगळं लहानपणापासून झालंय. २०१६ ला आई खूप आजारी होती तेव्हा तिने हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या, चार तोळ्यांच्या, आणि म्हणाली धाकटीला दे, तिच्या पोरीच्या लग्नात होतील. मी हो म्हटलं. आई गेली, त्याच वर्षी आम्ही फ्लॅट बुक केला, डाऊन पेमेंटला पैसे कमी पडत होते आणि मी पाटल्या मोडल्या. बहिणीने एकदाच विचारलं, ताई आईच्या पाटल्या कुठे गं, तर मी म्हटलं दवाखान्यासाठी आईनेच मोडायला लावल्या. तिने विश्वास ठेवला, परत कधी विषय काढला नाही.

तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी याच एका पापाची क्षमा मागते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पाळकसाहेब येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलताना म्हणाले की वधस्तंभावर सगळं झालं, आपल्या बाजूने काही फेडायचं राहिलं नाही. मला तिथेच रडू आलं, पण घरी आले आणि रात्री परत तेच. मला दोन गोष्टी विचारायच्यात. क्षमा पूर्ण आहे तर ती मला लागू का होत नाहीये, माझा विश्वास कमी पडतोय का? आणि पाटल्या परत केल्याशिवाय क्षमा मिळतच नाही का? कारण तसं असेल तर मग ती ख्रिस्तामुळे मिळाली की माझ्या चार तोळ्यांमुळे?

सात_दिवे

सलाम ताई. लिहिलंत हे फार बरं केलंत.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा १० वा अध्याय आज रात्री मोठ्याने वाचा, घाई न करता. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे जी मी स्वतः कित्येक वर्षं वाचून पुढे जात होतो. याजक, म्हणजे जुन्या करारातला पुरोहित, दररोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो, आणि ख्रिस्त मात्र पापांसाठी एकच यज्ञ करून देवाच्या उजवीकडे बसला. एक उभा, एक बसलेला. निवासमंडपाचं, म्हणजे मोशेच्या काळच्या उपासनेच्या तंबूचं, सामान निर्गम या पुस्तकात एकेक करून दिलंय, मेज आहे, दीपवृक्ष आहे, धूपवेदी आहे, पण याजकाला टेकायला म्हणून काही नाही, दयासन म्हणतात ते तर कराराच्या कोशाचं (पवित्र पेटीचं) झाकण. बसणार कधी, काम संपतंय कुठे? प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक रक्त घेऊन परमपवित्रस्थानात जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचा. ताई तुम्ही इतकी वर्षं रोज रात्री त्या याजकासारख्या उभ्या आहात.

आणि सहावा उद्गार आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, किती नेमका आलाय बघा, 'पूर्ण झाले आहे'. नुसतं झालं असं नाही, झाले आहे, म्हणजे तेव्हा झालं आणि आत्तासुद्धा झालेलंच आहे. ग्रीकमध्ये तेतेलेस्ताई, त्याचा काळ पण हेच सांगतो.

विश्वास कमी पडतोय का म्हणालात. मिसरात (इजिप्तमध्ये) वल्हांडणाच्या रात्री, ज्या रात्री घराघरातला थोरला मुलगा मरणार होता, दाराला कोकराचं रक्त लावलेल्या घरात कुणी निवांत झोपलं असेल, कुणी रात्रभर घाबरून आईला बिलगून बसलं असेल. प्रथमपुत्र दोन्ही घरांतला वाचला, कारण देव म्हणाला होता मी रक्त पाहीन आणि ओलांडून जाईन. आत बसलेल्याच्या छातीत किती धडधडतंय ते बघायचं ठरलंच नव्हतं.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात वारी आहे, पण धागा वाचला आणि राहवलं नाही. राग मानू नका. देव माफ करतो हे आम्हाला नवीन नाही, पांडुरंगाला पतितपावन म्हणतोच आम्ही. पण ताई, पाटल्या तुमच्या बहिणीच्या होत्या. तिला काही माहीतच नाही आणि वरच्या वर देवाने माफ करून टाकलं, हे मला पटत नाही. तिचं काय? मी त्या बहिणीच्या जागी बसून वाचलं म्हणून लिहिलं.

बावखल

इंद्रायणीकाठ, राग कशाला, प्रश्न एकदम बरोबर आहे. मी वसईचा, कॅथलिक, त्यामुळे सात_दिवे दादांपेक्षा माझं थोडं वेगळं पडेल. आमच्यात कन्फेशनला जाऊन असं काही सांगितलं तर फादर क्षमेचे शब्द उच्चारतात आणि ती क्षमा खरी आणि पुरी असते, पण ते हेही सांगतात की घेतलेली वस्तू परत करायची, खोटं बोललात ते सुधारायचं. पापाची क्षमा झाली म्हणून पापाने केलेली मोडतोड आपोआप सांधली जात नाही, ती शिकवण आमच्याकडे अगदी स्पष्ट आहे. ताई, तुम्हाला लागू होत नाहीये असं वाटतं त्याचं एक कारण मला वाटतं हे की तुम्ही हे आजवर एकाही माणसाच्या कानावर घातलं नव्हतं. मला स्वतःला एका गोष्टीसाठी अकरा वर्षं लागली त्या खुर्चीपर्यंत जायला, आणि फादरच्या तोंडून 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' हे कानांनी ऐकलं तेव्हा गुडघ्यात बळ राहिलं नव्हतं.

सात_दिवे

बावखल दादा, देव आणि माणसात मध्यस्थ एकच, ख्रिस्त, यावर आपलं दोघांचं जमणार नाही, पण कुणाला तरी सांगा हे याकोबाच्या पत्रात पण आहे, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा म्हणून. तिथे मी तुमच्या बाजूने.

केडगावकर

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी नीट हात घातला नाही म्हणून लिहितो, लांबेल.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाची सुरुवात काढा. अगदी तुमचीच केस आहे, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव माणसाने लांबवली आणि वर खोटं बोलला. नियम असा की ठेव पुरी परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, तोही ज्याची ठेव त्यालाच, आणि मग याजकाकडे दोषार्पणाचा मेंढा आणायचा. आता बघा, पाचवा हिस्सा मेंढ्याच्या जागी चालत नाही आणि मेंढा पाचव्या हिश्श्याच्या जागी चालत नाही. माणसाचं देणं माणसाला, आणि देवासमोरचा दोष मेंढ्यावर. इंद्रायणीकाठ, तुम्ही बहिणीबद्दल विचारलंत त्याचं उत्तर मोशेच्या काळापासून लिहून ठेवलंय, देवाने बहिणीचा हिशोब कधीच परस्पर मिटवलेला नाही.

आणि यशया ५३ मध्ये दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या जिवाला दोषार्पण म्हटलंय, तिथेही इब्री शब्द हाच, आशाम, आणि तो सेवक म्हणजे ख्रिस्त असं आपण मानतो. म्हणजे ताई तुमच्यासाठी मेंढा आणला गेलाय, तो तुम्हाला आणायचा नाही, चार तोळ्यांतून तर नाहीच नाही. पाटल्या बहिणीला द्यायच्या कारण त्या तिच्या आहेत, बस.

जक्कय या जकातदाराची लूकमधली गोष्ट पण क्रम लावून वाचा, तो येशूला बघायला झाडावर चढला होता. येशू झाडाखाली थांबून आधी म्हणाला, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. सगळं गाव कुरकुरत होतं. चौपट परत देतो हे जक्कय नंतर म्हणाला. ज्याच्या घरी प्रभू येऊन राहिला त्याचा हात सैल सुटला. तुम्ही रोज क्षमा मागता आणि पाटल्यांना हात लावायची भीती वाटते, कारण तुम्हाला वाटतं सांगितलं तर मी चोर ठरेन. देवासमोर जे ठरायचं ते ठरून गेलंय ताई, आता बहिणीसमोर काय ठरेल त्याने तुमचं तारण हलणार नाही, म्हणून तर सांगता येतं.

आणखी एक, आमच्या गावच्या पंडिता रमाबाईंचं. बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडलाय हे कळायला पुढे आठ वर्षं गेली. मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणणारी बाई ही. तेव्हा उशीर झाला म्हणून स्वतःला मारू नका.

हो, आणि आपलं शास्त्र पाप कबूल करण्याला 'पापे पदरी घेणे' म्हणतं, १ योहान १:९. पदरात घ्यायचं म्हणजे हे माझं म्हणायचं. तुम्ही क्षमा रोज मागितलीत, पण बहिणीसमोर ते अजून आईच्या पदरात टाकलेलं आहे, दवाखान्यासाठी आईने मोडायला लावल्या म्हणून.

पारिजात

केडगावकर दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. आईचं नाव घेऊन खोटं बोलले हे मला कधी पाप म्हणून दिसलंच नव्हतं, मी आपली पाटल्यांचीच क्षमा मागत होते.

इंद्रायणीकाठ, तुमचा राग नाही आला. माझी बहीण असंच बोलली असती.

नवऱ्याला काल सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला सोनं आजच्या भावाने घ्यायचं तर माझी एफडी मोडू. पाचव्या हिश्श्याचं त्याला मीच सांगितलं, नियम म्हणून नाही, पण द्यावं वाटतंय. बहिणीला फोन लावला होता, तिने उचलल्यावर फक्त रविवारी येतेय एवढंच बोलले. उपासना झाल्यावर दुपारी तिच्या घरी जाईन. ती काय म्हणेल माहीत नाही, कदाचित दार लावून घेईल, तसं झालं तर पुन्हा जाईन.

इब्री १० मोठ्याने वाचला. 'त्यांची पापे व त्यांचे स्वैराचार मी ह्यापुढे आठवणारच नाही' तिथे आवाज गेला माझा. काल रात्री प्रार्थनेत पाटल्यांबद्दल काही मागितलं नाही. नुसती आईची आठवण येत होती.

कपाटातल्या डब्यात सोनाराची जुनी चिठ्ठी सापडली, वजन लिहिलंय त्यावर. ती बरोबर नेतेय.