साऊंड कार्डवर व्होल्टेज चुकतंय, मीटर २८ दाखवतो आणि कॉम्प्युटर २५.५

अ‍ॅम्पवाला_अशोकचौक:
नमस्कार मंडळी, सोलापुरात अशोक चौकाजवळ अ‍ॅम्प्लिफायर रिपेरिंगचं दुकान आहे माझं, गणपतीच्या आधी मंडळांचे अ‍ॅम्प ढिगानं येतात. नुसत्या कानावर आणि मीटरवर भागेना म्हणून लाईन इनवालं यूएसबी साऊंड कार्ड घेतलं आणि रूम ईक्यू विझार्ड हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर टाकलं. थेट कार्डाला ०.५ व्होल्ट दिले तेव्हा मायनस ९ डीबी आलं, म्हणजे फुल स्केल (कार्ड जास्तीत जास्त मोजू शकतं ते व्होल्टेज) १.४१ व्होल्ट आरएमएस, इथपर्यंत बरोबर वाटतंय. मग अ‍ॅम्पसाठी २२ के आणि १ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर केला, म्हणजे २३ पट कमी, बरोबर ना? आता ८ ओहम डमी लोडवर (स्पीकरच्या जागी लावलेला मोठा रेझिस्टर) मीटर २८ व्होल्ट दाखवतो, म्हणजे ९८ वॉट, आणि कॉम्प्युटरच्या हिशोबानं २५.५, म्हणजे ८१ वॉट. दुसऱ्या दिवशी परत वेगळंच. गिऱ्हाईकाला कुठला आकडा सांगू?

मीटरकाका:
तुमचा २३ चा आकडाच चुकलाय बघा. कार्डाच्या लाईन इनला स्वतःचा रेझिस्टन्स असतो की ओ, साधारण १० के धरा, तो तुमच्या १ के ला पॅरलल बसला की खाली ९०९ ओहमच राहतात, मग भागाकार २३ नाही, २५.२ पट होतो. व्होल्टमध्ये साडेनऊ टक्के आणि वॉटमध्ये वर्ग होत असल्यानं वीस टक्के, तुमचे हरवलेले १७ वॉट तिथंच गेलेत. पण २५.२ सुद्धा घालू नका, प्रत्येक कार्डाचा इनपुट वेगळा असतो. डिव्हायडर जोडून ठेवा, अ‍ॅम्प चालू करून डमी लोडवर मीटरनं बरोबर १० व्होल्ट करा, सॉफ्टवेअरमध्ये किती डीबी येतं ते बघा आणि त्यावरून फुल स्केल काढा, रेझिस्टरचा फरक, कार्डाचा फरक सगळा त्यातच धरला जातो. टोन १ किलोहर्ट्झचा देऊ नका, बहुतेक स्वस्त मीटर एसीवर ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे. मी १२० ठेवतो, कारण ५० आणि १०० वर मेन्सची गुणगुण येऊन बसलेली असते.

सर्किटवेडी:
काका बरोबर सांगतायत. दुसऱ्या दिवशी वेगळं येतंय ते विंडोजमुळे असणार, रेकॉर्डिंगच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्स आणि ऑटो गेन (लेव्हल आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद करा, सॅम्पल रेट ४८००० ला पक्का करा, आणि लेव्हलचा स्लायडर जिथं आहे तो आकडा कागदावर लिहून कार्डालाच चिकटवा. तो हलला की कॅलिब्रेशन गेलं, परत पहिल्यापासून. माईकच्या पिनेत तर घालूच नका, तिथं डीसी येतं.
अजून एक, आणि हे मनापासून सांगते कारण माझं एक कार्ड असंच जळलंय: क्लास डी चे बोर्ड, टीपीए३११६ वगैरे, त्यांचे आउटपुट ब्रिजमध्ये असतात, दोन्हीपैकी एकही वायर ग्राउंड नसते. कार्डाची ग्राउंड तिथं लावली आणि लॅपटॉप थ्री पिन चार्जरवर असला तर अर्थिंगमधून आउटपुट शॉर्ट होऊ शकतं. असा बोर्ड आला की चार्जर काढून बॅटरीवर मोजायचं एवढंच पुरत नाही, मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला.

अ‍ॅम्पवाला_अशोकचौक:
काका, आत्ताच करून बघितलं. १२० हर्ट्झला १० व्होल्ट केले, मायनस ११.० आलं, फुल स्केल ३५.५ घातलं आणि मग व्हॉल्यूम चढवत २८ पर्यंत नेलं तर कॉम्प्युटरवर २७.९! लई बरं वाटलं. ताई, ऑटो गेन खरंच चालू होता. काल एका मंडळाच्या पोरांना ८१ वॉट सांगून पाठवलंय, आता फोन करून सांगतो की तुमचा अ‍ॅम्प चांगला आहे, ट्रान्झिस्टर बदलू नका.

मीटरकाका:
करा फोन. आणि सवड मिळाली की लाईन आउट ते लाईन इन एक केबल लावून कार्डाचं स्वतःचं डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार किती बिघडतो ते) पण मोजून ठेवा, त्याच्या खालचं अ‍ॅम्पचं दिसणार नाही.