प्लाझ्मात अँटेनाचा अनुनाद सरकतो का?

प्रश्न: मोकळ्या जागेत १२ मेगाहर्ट्झला जुळणारा (म्हणजे त्या वारंवारतेला अनुनाद देणारा) द्विध्रुव (डायपोल) अँटेना कागदावरच्या गणितात आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, मोकळे इलेक्ट्रॉन-आयन असलेल्या प्लाझ्माच्या थरात ठेवला, घनमीटरला एक लाख कोटी इलेक्ट्रॉन धरून. अनुनाद १५ वर येतोय! दोन रात्री तपासतोय, चूक सापडत नाही.

उत्तर: चूक नाहीच. एवढ्या घनतेला प्लाझ्मा वारंवारता (प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन स्वतःहून ज्या वारंवारतेने डोलतात ती) सुमारे ९ मेगाहर्ट्झ. १२ आणि ९ च्या वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा. प्लाझ्मात तरंगलांबी वाढते, म्हणून त्याच तारेला वरची वारंवारता लागते.

दुसरं उत्तर: तारेभोवतीचं आवरणही धरा. चपळ इलेक्ट्रॉन आधी तारेवर आदळतात, ती ऋणभारित होते, भोवती इलेक्ट्रॉन विरळ झालेला थर उरतो. तो धारित्रासारखा (कपॅसिटरसारखा) वागतो.

प्रश्नकर्ता: आवरण धरलंच नव्हतं! आज पुन्हा मांडतो.